बघणाऱ्याची तक्रार

(महाड येथे एका वार्षिक स्मृतिव्याख्यानमालेत झालेल्या व्याख्यानाचा मुद्रित पाठ)

जून-जुलैत महाडच्या नेट कॅफेत बसायला जागा मिळत नाही. पोलादपूरलाही तीच तऱ्हा. बारावीचा निकाल लागलेला असतो, इंजिनीअरिंगच्या कॅप राउंडच्या तारखा डोक्यावर असतात आणि कुडपण, कोतवाल, उमरठ अशा आतल्या गावांतून आलेले बाप-लेक उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, नॉन क्रिमीलेअर अशा कागदांच्या झेरॉक्स काढत उभे असतात. त्या गडबडीत कॅफेवाला मध्येच विचारतो, ‘‘अँटी रॅगिंगचं भरलंत का?’’ भरलेलं नसतं. मग तोच मुलाचं नाव, बापाचा मोबाइल नंबर आणि कॉलेजचं नाव टाकतो. संदर्भ क्रमांक येतो, प्रिंट निघते, दोघे सह्या करतात आणि कागद फायलीत जातो. सगळा कारभार पाच मिनिटांचा.

त्या कागदावर काय लिहिलं आहे? मुलाने आणि त्याच्या पालकांनी विद्यापीठ अनुदान आयोगाचे २००९ चे रॅगिंगविरोधी विनियम वाचले आहेत, ते त्यांना समजले आहेत आणि मुलगा रॅगिंग करणार नाही, त्यात सामीलही होणार नाही, अशी ती हमी आहे. विनियम वाचलेला पालक मात्र शोधूनही सापडायचा नाही. वाचावेत असं त्यांना कोणी सांगितलेलंही नसतं. गंमत अशी, की त्या विनियमांत पालकांच्या आणि मुलांच्या हाती पडावीत अशी बरीच हत्यारं आहेत. ती सहीखाली झाकून जातात.

या विषयावरची भाषणं बहुधा ‘कायदे कडक करा’ या मागणीवर येऊन थांबतात. महाराष्ट्रात त्या मागणीला फारसा अर्थ उरलेला नाही, कारण इथला कायदा कडकच आहे आणि तो पंचवीस वर्षांहून जुना आहे. १९९६ च्या नोव्हेंबरमध्ये चिदंबरमच्या अण्णामलै विद्यापीठातल्या वैद्यकीय महाविद्यालयात पोन नावरसु या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याचा खून झाला. वडील मद्रास विद्यापीठाचे कुलगुरू. कुलगुरूचा मुलगा सुरक्षित नाही म्हटल्यावर देश हादरला. तमिळनाडूने १९९७ मध्ये रॅगिंगविरोधी कायदा केला, पाठोपाठ केरळने, आणि १९९९ मध्ये महाराष्ट्राने.

महाराष्ट्राचा हा कायदा जेमतेम चार पानांचा असेल. पण त्याची व्याख्या बारकाईने वाचण्यासारखी आहे. मारहाण तर त्यात येतेच; पण विद्यार्थ्याला शारीरिक किंवा मानसिक इजा होईल, भीती, लाज किंवा संकोच वाटेल असं कोणतंही वर्तन येतं. चिडवणं, शिवीगाळ, धमकी येते. ‘गंमत’ म्हणून केलेली चेष्टाही येते. शिवाय तो विद्यार्थी एरवी आपणहून करणार नाही अशी कोणतीही गोष्ट त्याला करायला सांगणं, हेसुद्धा रॅगिंगच. म्हणजे सिनियरचं जर्नल रात्रभर लिहून देणं आलं, शर्टाच्या तिसऱ्या बटणाकडे बघत ‘इंट्रो’ देणं आलं, वाकून सलाम ठोकणं आलं. शिक्षा दोन वर्षांपर्यंत कैद आणि दहा हजारांपर्यंत दंड. दोषी ठरलेल्याला कॉलेजातून काढायचं आणि पाच वर्षं राज्यात इतर कुठेही प्रवेश द्यायचा नाही.

या सगळ्याहून महत्त्वाची आहेत ती सहावं आणि सातवं कलम. कोणत्याही विद्यार्थ्याने, पालकाने किंवा शिक्षकाने संस्थाप्रमुखाकडे लेखी तक्रार केली, तर सात दिवसांच्या आत चौकशी झाली पाहिजे. सकृद्दर्शनी तथ्य आढळलं तर आरोप असलेल्या विद्यार्थ्याला निलंबित करून तक्रार लगेच पोलीस ठाण्यात पाठवायची. तथ्य नसेल तर तसं तक्रारदाराला लेखी कळवायचं. आणि संस्थाप्रमुखाने यात हयगय केली, तर त्याने गुन्ह्याला साहाय्य केलं असं धरून त्यालाही तीच शिक्षा. प्राचार्याला आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करू शकणारं हे कलम आहे. महाराष्ट्रातल्या किती प्राध्यापकांनी ते वाचलं असेल, हा प्रश्न इथे विचारलेला बरा.

सहाव्या कलमातले दोन शब्द पुढच्या सगळ्या विवेचनात लागणार आहेत. एक ‘कोणताही’ विद्यार्थी. ज्याच्यावर गुदरली त्यानेच तक्रार करावी असं कायदा म्हणत नाही. शेजारच्या खोलीतला मुलगाही करू शकतो. दुसरा ‘लेखी’.

हे दोन्ही शब्द विसरणं किती महाग पडू शकतं, ते मुंबईत २०१९ साली दिसलं. डॉ. पायल तडवी जळगावकडची, तडवी भिल्ल या आदिवासी समाजातली, तिच्या घरातली पहिली डॉक्टर. मे २०१८ मध्ये नायर रुग्णालयाशी जोडलेल्या टोपीवाला राष्ट्रीय वैद्यकीय महाविद्यालयात तिने स्त्रीरोग व प्रसूतिशास्त्राच्या पदव्युत्तर शिक्षणाला प्रवेश घेतला. २२ मे २०१९ रोजी वसतिगृहाच्या खोलीत तिने आयुष्य संपवलं. वय २६. तीन वरिष्ठ निवासी डॉक्टरांनी जातीवरून टोमणे मारले, रुग्णांसमोर अपमान केला, प्रसूतीचं काम हाती लागू दिलं नाही, असे आरोप आहेत. अॅट्रॉसिटी कायदा, आत्महत्येस प्रवृत्त करणं आणि १९९९ चा हाच रॅगिंगविरोधी कायदा अशी कलमं लागली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये उच्च न्यायालयाने तिघींना जामीन दिला. ऑक्टोबर २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांना शिक्षण पूर्ण करण्याची मुभा दिली. आरोप न्यायालयात सिद्ध व्हायचे आहेत, तेव्हा त्या तिघींबद्दल अधिक बोलायचं कारण नाही.

बोलायचं आहे ते आधीच्या वर्षाबद्दल. छळ होतोय हे घरच्यांना माहीत होतं. आईने आणि पतीने ते विभागातल्या वरिष्ठांच्या कानावर घातलं होतं, असं कुटुंबाचं म्हणणं आहे. मध्यंतरी काही काळ तिला दुसऱ्या युनिटमध्ये हलवण्यातही आलं होतं. म्हणजे काहीतरी बिनसलं आहे याची कुणाला गंधवार्ताच नव्हती, असं म्हणता येत नाही. ज्या वॉर्डात हे चालल्याचं सांगितलं जातं तिथे परिचारिका होत्या, इतर निवासी डॉक्टर होते, रुग्णांचे नातेवाईक होते. तिच्या मृत्यूनंतर कॉलेजच्या रॅगिंगविरोधी समितीने चौकशी केली तेव्हा साक्षी मिळाल्या आणि छळ झाल्याचा निष्कर्ष निघाला. साक्षी देणारी माणसं होतीच. फक्त ती मे महिन्याच्या अखेरीस बोलली. फेब्रुवारी २०२५ मध्ये मुंबईच्या विशेष न्यायालयाने तत्कालीन विभागप्रमुखांनाही आरोपी करण्याचा आदेश दिला. वरिष्ठाने कानावर आलेलं ऐकून काय केलं, हा प्रश्न न्यायालयापुढे यायला जवळजवळ सहा वर्षं लागली.

पायलची आई आबेदा तडवी आणि हैदराबाद विद्यापीठात आत्महत्या केलेल्या रोहित वेमुलाची आई राधिका वेमुला या दोघींनी मिळून २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयात याचिका केली. शिक्षणसंस्थांमधला जातिभेद रोखण्याची यंत्रणा कागदावर आहे, ती चालवा, एवढीच तिची मुख्य मागणी.

कागदावर आहे, ती चालवा. महाडकरांना हे वाक्य नवं वाटू नये. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याचा रावबहादूर सी. के. बोले यांचा ठराव मुंबई विधिमंडळात १९२३ मध्ये संमत झाला. सुरेंद्रनाथ टिपणीसांसारखी माणसं जिथे पुढाकार घेत होती त्या महाड नगरपालिकेने १९२४ मध्ये चवदार तळं सर्वांना खुलं केल्याचा ठराव केला. ठराव झाला म्हणून एकाही अस्पृश्य माणसाने तिथे ओंजळभर पाणी प्यायलं नाही. पिणं शक्यच नव्हतं. ते घडलं २० मार्च १९२७ रोजी, डॉ. आंबेडकरांबरोबर हजारो माणसं तळ्यावर चालत गेली तेव्हा. त्यानंतर मारहाण झाली, ऑगस्टमध्ये नगरपालिकेने आपलाच ठराव मागे घेतला, डिसेंबरात मनुस्मृती जळली आणि उच्च न्यायालयाचा निकाल उजाडायला १९३७ साल यावं लागलं. नियम असणं आणि नियमाप्रमाणे पायरी उतरता येणं यांत किती अंतर असतं, याचं एवढं ठसठशीत उदाहरण भारतात दुसरीकडे सापडायचं नाही. रॅगिंगच्या प्रश्नात जात किती खोल मुरलेली आहे हे सांगायला तर वेगळा दाखला नकोच. आयोगालाही ते उशिरा का होईना उमगलं. २०१६ च्या दुरुस्तीने रॅगिंगच्या व्याख्येत जात, धर्म, वर्ण, लिंग, रंगरूप, प्रांत, भाषा, जन्मस्थळ आणि आर्थिक परिस्थिती यांवरून होणारा छळ नावानिशी घातला गेला.

ही यादी पोलादपूरच्या एखाद्या मुलाला समोर ठेवून वाचावी. सावित्रीच्या खोऱ्यातल्या वाडीतून तो निघतो. आंबेनळी चढून महाबळेश्वर, सातारा किंवा वरंध चढून भोर, पुणे. नाहीतर हायवेने मुंबई. जवळच राहायचं तर माणगाव तालुक्यात लोणेरे आहे; १९८९ च्या कायद्याने स्थापन झालेलं डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठ. बोलण्यात कोकणी हेल, इंग्रजी कच्चं, कपडे दोन जोड, घरात कॉलेजचं तोंड पाहिलेलं कोणी नाही. आयोगाच्या यादीतल्या निम्म्या गोष्टी एकट्या त्याला लागू पडतात. तरी घरून फोन आला की तो ‘बरं चाललंय’ म्हणतो. गावी खर्चाची तजवीज कशी झाली आहे, ते त्याला ठाऊक असतं. दहावीनंतर डिप्लोमाला जाणारी मुलं तर पंधरा-सोळा वर्षांची असतात. ऑगस्ट २०२३ मध्ये कोलकात्याच्या जादवपूर विद्यापीठात वसतिगृहाच्या गॅलरीतून पडून मेलेला पहिल्या वर्षाचा विद्यार्थीही अठरा वर्षांचा झालेला नव्हता. तोही छोट्या गावातून आलेला, बंगाली विषय घेऊन शिकायला निघालेला.

यापूर्वीही या भागातली पोरं गाव सोडून जातच होती. गिरण्यांच्या काळात पोलादपूर-महाडकडचा माणूस मुंबईत उतरला की थेट गावकीच्या खोलीवर जायचा. एका खोलीत वीस-पंचवीस माणसं, पाळीपाळीने झोपणारी. नव्याला पाणी भरावं लागे, केर काढावा लागे, मोठ्यांची बोलणीही खावी लागत. त्या खोल्यांचं गुणगान करायची गरज नाही. पण नव्या माणसाला कोणीतरी जबाबदार धरलेला असे. त्याचं काही बरंवाईट झालं तर गावी जाब द्यावा लागेल, हे त्या म्होरक्याला माहीत असे. आज वसतिगृहात उतरलेल्या मुलाबद्दल कोणी कोणाला जाब विचारायचा? २००९ च्या विनियमांनी याचं उत्तर देऊन ठेवलं आहे. दर सहा नव्या विद्यार्थ्यांमागे एक मार्गदर्शक विद्यार्थी, दर सहा मार्गदर्शकांमागे त्यांच्यावरचा एक. कल्पना अगदी गावकीच्या खोलीतली वाटावी अशी. बहुतेक ठिकाणी या सहा-सहाच्या याद्या संकेतस्थळावर चढवण्यापुरत्या होतात आणि यादीतल्या मुलालाच आपण कोणाचे मार्गदर्शक आहोत हे माहीत नसतं.

हे विनियम कसे जन्मले तेही थोडक्यात सांगायला हवं. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशावरून माजी सीबीआय संचालक आर. के. राघवन यांच्या समितीने २००७ मध्ये अहवाल दिला. तो वाचून होईपर्यंत मार्च २००९ उजाडला आणि हिमाचलमध्ये कांगड्याजवळ टांडा इथल्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयात अमन काचरू हा एकोणीस वर्षांचा मुलगा दारू प्यायलेल्या सिनियरांच्या मारहाणीत गेला. मे महिन्यात न्यायालयाचे कडक निर्देश आले, जूनमध्ये आयोगाचे विनियम. अमनच्या वडिलांनी, राजेंद्र काचरू यांनी, पुढची अनेक वर्षं देशभराची हेल्पलाइन उभी करण्यात आणि चालवण्यात घातली. १८००-१८०-५५२२ हा तो नंबर. पोलादपूरच्या एसटी स्टँडवर क्लासच्या जाहिराती भरपूर आहेत. त्यांच्या शेजारी हा नंबर रंगवायला फार खर्च येणार नाही.

आता खऱ्या कोड्याकडे. छळ सोसलेला मुलगाच पुढच्या वर्षी छळणारा का होतो? ‘आम्ही सोसलं, तुम्हीही सोसा’ हा सूड तर त्यात आहेच. पण आणखी काहीतरी आहे. एलियट अॅरन्सन आणि जडसन मिल्स या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी १९५९ मध्ये ६३ महाविद्यालयीन मुलींवर एक प्रयोग केला. एका चर्चागटात प्रवेश हवा असेल तर आधी चाचणी द्यायची. काहींची चाचणी नावापुरती. काहींना परक्या पुरुषासमोर अश्लील शब्द आणि उतारे मोठ्याने वाचायला लावले. मग सगळ्यांना त्या गटाची चर्चा ऐकवली. ती मुद्दाम रटाळ केलेली होती. ज्यांनी जास्त लाज सोसली त्यांनाच तो गट जास्त आवडला. एवढं सोसलं ते काही फुकट नाही, अशी मनाने स्वतःची समजूत घातली.

रॅगिंगची भलामण करणारे नेमका याचाच आधार घेतात. बघा, याने दोस्ती घट्ट होते! होत असेल. पण घट्टपणा सोसण्यातून येतो की अपमानातून, हे त्या प्रयोगातून सिद्ध होत नाही. आणि कष्टांतून माणसं जोडली जातात याचे दाखले या मातीत भरपूर आहेत. राष्ट्रीय सेवा योजनेच्या सात दिवसांच्या शिबिरात वनराई बंधारा घालून, शाळेच्या पडवीत झोपून आलेली पोरं वर्षानुवर्षं एकमेकांना धरून असतात. २०२१ च्या जुलैतल्या महापुरानंतर महाडच्या बाजारपेठेतला गाळ उपसायला ठिकठिकाणची तरुण मंडळी आली. एकमेकांची नावंही माहीत नसलेली पोरं दोन दिवसांत मैत्र होऊन गेली. कुणी कुणाला तिसऱ्या बटणाकडे बघायला लावलं नव्हतं.

घाटापलीकडे सातारला भाऊराव पाटलांनी १९२४ मध्ये वसतिगृह सुरू केलं. वेगवेगळ्या जातींची मुलं एका छपराखाली. गांधीजी तिथे आले १९२७ मध्ये, महाडच्या सत्याग्रहाच्या काही आठवडे आधी. छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस हे नाव त्यांच्याच हस्ते पडलं. स्वयंपाक, पाणी, झाडलोट ही कामं मुलांनीच करायची, आणि जुन्या मुलालाही त्यातून सूट नाही. काम कठीण होतं, पण ते सर्वांच्या वाट्याला होतं. नव्याला खालच्या पायरीवर उभं करायला त्या रचनेत जागाच ठेवलेली नव्हती. आजच्या वसतिगृहाच्या गणेशोत्सवात, गॅदरिंगमध्ये, रोबोटिक्स क्लबात किंवा कबड्डीच्या संघात पहिल्या वर्षाच्या मुलाला काय काम मिळतं, हे एकदा बघावं. खुर्च्या उचलणं आणि सिनियरला चहा आणून देणं एवढंच असेल, तर तिथे रॅगिंगची पहिली इयत्ता सुरू झालेली असते. व्हॉट्सअॅप ग्रुपवर रात्री अकराला फर्मान सुटणं ही दुसरी.

तरी छळणारे असतात किती? चाळीस मुलांच्या मजल्यावर चार-पाच. उरलेले पस्तीस बघतात. खरा प्रश्न त्यांचा आहे.

बिब लाटाने आणि जॉन डार्ली यांनी १९६८ मध्ये न्यूयॉर्कमध्ये एक प्रयोग केला. विद्यार्थी वेगवेगळ्या खोल्यांत बसून इंटरकॉमवर बोलत असताना एकाला अचानक झटका आल्याचा आवाज ऐकू येतो (तो बनाव असतो). ऐकणाऱ्याला वाटत असेल की ऐकणारा आपण एकटाच, तर ८५ टक्के विद्यार्थी मदतीसाठी बाहेर धावले. आणखी चौघे ऐकत आहेत असं वाटलं, तेव्हा वेळेत धावणारे ३१ टक्के. माणसं निर्दय नव्हती. ती आत घाम पुसत बसली होती. दुसरं कोणी तरी गेलं असेल, एवढाच त्यांचा हिशेब.

आपल्या महाडने त्याची दुसरी बाजूही पाहिली आहे. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री सावित्रीवरचा ब्रिटिशकालीन पूल पुरात गेला. दोन एसटी गाड्या आणि एक मोटार नदीत गेली. मागून येणारी आणखी वाहनं त्याच अंधारात कोसळली असती. जवळच्या गॅरेजमधल्या एका कामगाराला मोठा आवाज आला, तो रस्त्यावर आला आणि त्याने गाड्या अडवल्या. पुलावरची जबाबदारी काही त्याची नव्हती. पण त्या क्षणी तिथे तोच होता आणि दुसरं कोणी कळवेल अशी सोयीची समजूत करून घ्यायला आसपास गर्दी नव्हती. वसतिगृहाच्या मजल्यावर ती गर्दी असते. म्हणून तिथे बघणाऱ्याला एकट्याने बोलता येईल अशी वाट मुद्दाम करून द्यावी लागते.

इथे आपले नियम चुकतात, असं स्पष्ट म्हणायला हवं. राघवन समितीचा आणि नंतरच्या विनियमांचा भर धाकावर आहे. गुन्हेगार ओळखता आले नाहीत तर सामूहिक शिक्षेची तरतूद आहे. हेतू असा, की मुलांनी आपल्यातल्यांची नावं सांगावीत. घडतं उलटं. शिक्षा सगळ्या मजल्याला होणार म्हटल्यावर सगळा मजला एक होतो आणि तक्रार करणारा गद्दार ठरतो. पस्तीस बघ्यांना चार गुंडांच्या बाजूला उभं करणारा नियम शहाणपणाचा म्हणता येत नाही.

अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया राज्याने वेगळी वाट घेतली. तिथल्या पेन स्टेट विद्यापीठात फेब्रुवारी २०१७ मध्ये टिमथी पियाझा हा विद्यार्थी ‘फ्रॅटर्निटी’ नावाच्या विद्यार्थी मंडळाच्या दीक्षाविधीत अतोनात दारू पाजल्यावर जिन्यावरून पडला. भोवती डझनावारी तरुण होते. जवळजवळ बारा तास कोणी मदत मागवली नाही, कारण मागवली तर सगळेच अडकणार होते. पुढच्या वर्षी झालेल्या कायद्याने शिक्षा वाढवल्याच, पण त्याबरोबर एक दारही उघडं ठेवलं: जो मदतीसाठी फोन करील आणि जखमीजवळ थांबेल, त्याला खटल्यापासून संरक्षण. डिसेंबर २०२४ मध्ये संपूर्ण देशासाठी कायदा झाला. त्यानुसार कोणत्या विद्यार्थी मंडळाने काय केलं याचा अहवाल विद्यापीठांना जाहीर करावा लागतो. १९९९ च्या महाराष्ट्राच्या कायद्यात बघणाऱ्याला अभय देणारं कलम नाही. दुरुस्तीची मागणी करायचीच असेल, तर ती इथे करावी. कैदेची दोन वर्षं पाच केल्याने पस्तिसातला एकही जण तोंड उघडणार नाही.

कायदा बदलेपर्यंत काय? २००९ च्या विनियमांत आधीच असलेल्या काही गोष्टी महाड-पोलादपूरसारख्या ठिकाणी मोठ्या शहरापेक्षा सहज चालवता येतील, कारण इथे माणसं एकमेकांना ओळखतात. प्रत्येक संस्थेच्या रॅगिंगविरोधी समितीत प्राचार्य आणि प्राध्यापकांखेरीज पोलीस, प्रशासन, स्थानिक पत्रकार, तरुणांमध्ये काम करणाऱ्या संस्था, पालक, नवे आणि जुने विद्यार्थी, शिक्षकेतर कर्मचारी यांचे प्रतिनिधी असले पाहिजेत. इथल्या महाविद्यालयांच्या समितीत पालक म्हणून कोण आहे, पत्रकार म्हणून कोण आहे, त्यांची बैठक शेवटची कधी झाली आणि इतिवृत्त कुठे पाहायला मिळेल, हे या सभागृहातल्या कोणीही उद्या सकाळी जाऊन विचारू शकतं. जिल्हा पातळीवर जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली अशीच समिती असते. अलिबागला तिचीही चौकशी व्हावी.

वॉचमन, मेसमधले आचारी, कँटीनवाला, सफाई कामगार हे या सगळ्यात सर्वांत जास्त पाहतात आणि त्यांना कोणी विचारत नाही. विनियम म्हणतात, रॅगिंगची माहिती देणाऱ्या कर्मचाऱ्याला प्रशंसापत्र द्यावं आणि त्याची नोंद सेवापुस्तकात व्हावी. कंत्राटदारामार्फत आलेल्या वॉचमनला सेवापुस्तक नसतं, हे खरं. मग त्याला रोख बक्षीस द्या, पण त्याचा फोन वॉर्डनने रात्री दोनलाही उचलला पाहिजे. तक्रार नोंदवण्याबाबत तर विनियम आणखी पुढे जातात: गुन्हा घडला असं दिसलं की २४ तासांत संस्थाप्रमुखाने पोलिसांत फिर्याद द्यायची. ‘आपसात मिटवू, पोराचं वर्ष जाईल’ असं म्हणायला त्यात वाव ठेवलेला नाही. हे वाक्य बहुधा छळणाऱ्याच्या वर्षाबद्दल असतं.

पालकांनाही थोडं करता येईल. मुलगा फोनवर ‘बरं चाललंय’ म्हणाला तर रूममेटचं नाव आणि नंबर मागून घ्यावा, आणि महिन्यातून एकदा त्या रूममेटशीही बोलावं. काही कळलं तर प्राचार्यांना नुसतं भेटून सांगू नये. भेटावं, पण हातात कागद असावा. तारीख, जागा, काय झालं, कोण हजर होतं. दोन प्रती, एकीवर पोच. इंग्रजी येत नाही म्हणून थांबू नये. कलम सहामध्ये लेखी म्हटलं आहे, भाषा सांगितलेली नाही. पोच घेतल्या क्षणापासून सात दिवस मोजायला सुरुवात होते, आणि ते मोजतोय कोणीतरी, हे कॉलेजला कळायला हवं.

आणि एक शेवटची तरतूद, जिच्याकडे कोणाचंच लक्ष नसतं. पहिल्या तीन महिन्यांत दर पंधरवड्याला पहिल्या वर्षाच्या मुलांची निनावी पाहणी घ्यावी, असं विनियम सांगतात. आयोगाने २०२३ पासून १२ ऑगस्ट हा रॅगिंगविरोधी दिन आणि १२ ते १८ ऑगस्ट हा सप्ताह ठरवला आहे. त्या सप्ताहात कॉलेजांमध्ये पोस्टर स्पर्धा होते, घोषवाक्य स्पर्धा होते, शपथ होते, फोटो निघतात. त्याऐवजी पाच प्रश्नांचा मराठी कागद काढावा: तुमच्याकडून कोणी काम करून घेतलं का, कोणी रात्री बोलावलं का, जातीवरून किंवा बोलीवरून कोणी बोललं का, दुसऱ्या कोणाच्या बाबतीत पाहिलंत का, कोणत्या मजल्यावर. यातला चौथा प्रश्न वगळू नये. कागद पेटीत टाकावेत, आणि समितीतला पालक व पत्रकार समोर बसवून ती पेटी त्याच संध्याकाळी उघडावी.